टेलरचाचांचे वरचे कोर्ट

चंद्रपूरजवळच्या मूल गावच्या बाजारातले भांडण शेवटी टेलरचाचांच्या दुकानात यायचे आणि चाचा ते ऐकायलाच नकार द्यायचे. "आधी खालचा निकाल दाखवा," मशीन न थांबवता ते म्हणत.

एकदा दोन भाऊ शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडत आले. "बापानं काय सांगतलं?" चाचांनी विचारले. बापाने दोघांचे ऐकून धुरा ठरवून दिला होता. "मंग मी काऊन बदलवू? वरचं कोर्ट कपडा नव्यानं कापत नाई रे. शिवण उसवली का, तेवढंच पाह्यते."

ही विद्या स्वतःच्या खटल्यातून आलेली. दुकान भाड्याचे; मालकांना मुलाच्या औषधदुकानासाठी जागा परत हवी होती, म्हणून त्यांनी खटला भरला. चाचांचे सगळे गिऱ्हाईक त्या एका शटरला बांधलेले. चाचा चंद्रपूरला हरले, नागपूरला हरले, मग दिल्लीला अपील केले. तरी मालकाच्या घरचे कपडे चाचाच शिवत. "खटला जागेचा हाये, पायजाम्याचा नाई," ते म्हणत. मालकही मापाला मुकाट उभे राहत.

दिल्लीचे नाव निघाले की मात्र चाचा स्वतःचाच नियम विसरत. "तिथी मोठे साहेब सारं पह्यल्यापासून ऐकतीन."

"अन् नव्यानं कापत नाई म्हणता ते?" माप द्यायला उभा असलेला मी विचारी.

"माही गोष्ट वेगळी हाये, भाऊ."

प्रत्येक पक्षकाराची गोष्ट वेगळी असते. वकिलांची घरे त्यावरच चालतात.

निकाल आला तो दीड पानाचा. मीच वाचून दाखवला. खालच्या न्यायालयांनी पुरावा तपासलेला आहे, हस्तक्षेपाचे कारण दिसत नाही, अपील फेटाळले. मार्चअखेर जागा रिकामी करू, असे हमीपत्र द्यावे. चाचांनी तो पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, "शिवण पक्की निंगाली."

मार्चच्या शेवटच्या दिवशी मालक घाईने आले. मुलाचा परवाना अडकला होता. "चाचा, दोनेक महिने राहा न इथीच. बंद दुकानात उंदरं होतीन."

चाचा शटरला तेल देत होते. "दिल्लीनं तारीख देल्ली, म्या हमी लिहून देल्ली. आता हे ना तुमच्या हातात, ना माह्या."

"अजी, पण जागा माही हाये!"

"तेच तर सिद्ध झालं न," चाचा म्हणाले आणि किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यानंतर चाचांनी मशीन कुठेच मांडली नाही. मी आता तयार पँट घालतो. कंबरेत सैल होते, पण दाद मागायला कोणी उरलेले नाही.