वजनकाट्याचा फ्लॅग

कळंबोलीच्या लोखंड बाजारावरून जाताना गॅस कटरने कापलेल्या पोलादाचा वास आला, की माझ्यासारखी भिडस्त बाईही कडवट होते. त्याच बाजारालगत आम्ही ट्रकच्या वजनकाट्यांसाठी एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम घडवत होतो. प्राध्यापकी सोडून चाळिशीत प्रोग्रामिंगकडे वळलेली मी तिथे सर्वांत नवखी होते.

प्रोग्रामने सिस्टिमला एखादे काम सांगताना सोबत फ्लॅग, म्हणजे सूचनेची एक खूण, पाठवायची असे. फाइल वाचताना एका फ्लॅगचा अर्थ ‘थांबू नकोस’ असा होता; वजन वाचताना त्याचाच अर्थ ‘थांबून राहा’ असा होई. पहिली आवृत्ती बाहेर जाण्याआधीच्या बैठकीत मी कशीबशी उभी राहिले.

“सर, एका खुणेला सगळीकडे एकच अर्थ ठेवू या. लोकांनी एकदा प्रोग्राम लिहिले, की मग बदलता येणार नाही.”

आमचे प्रमुख सावंत सर खुर्चीत रेलले. “मॅडम, हा कॉलेजचा वर्ग नाहीये. कन्फ्यूज होतो त्याने मॅन्युअल वाचावं ना!”

सगळे हसले. खिडकीतून तो जळका वास येत राहिला आणि मी खाली बसले.

तेव्हा सरांचे ते उत्तर मला केवळ माझा अपमान वाटले होते. आज वाटते, तो अपमान पुढे ती सिस्टिम वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामरचा होता. सर केव्हाच दुसरीकडे गेले. फ्लॅग तसाच आहे, कारण सगळे काटे त्यावर चालतात. काल एका नव्या सहकाऱ्याने वैतागून विचारले, “मॅडम, हे असलं कोणी केलं?”

“मॅन्युअल वाचा,” मी म्हणाले.

हे वाक्य माझ्या तोंडी ठेवून गेलेल्या त्या माणसाला मी क्षमा करणार नाही.