पिठोरीच्या संध्याकाळचा फोन

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग काश्मीरमध्ये होती. आमची कंपनी पोस्ट एका रस्त्याच्या वरच्या अंगाला. काम ठरलेलं. रोज सकाळी खालचा रस्ता तपासायचा, तो साफ आहे असं कळवायचं, मग सैन्याच्या गाड्यांचा ताफा सोडायचा. रस्ता तपासणाऱ्या तुकडीला आरओपी म्हणतात, रोड ओपनिंग पार्टी. मी सिग्नलचा हवालदार, माझी जागा रेडिओ सेटपाशी. नाईक रोशन आरओपीत.

आम्ही दोघं पनवेलकडचे. मी कळंबोलीचा, वडील लोखंड बाजारात माथाडी. रोशन तिथल्याच एका आगरी गावचा. शेतं गेली, टॉवर आले आणि गाव मधल्या मधे अडकून राहिलं, असं ते गाव. बाप लहानपणीच वारलेला, आई एकटी. लीलाकाकी. सुट्टीवर गेलो की मी तिच्या हातचं सुकं खाऊनच घरी जायचो.

लोकांना वाटतं, जवान दिवसभर गोळ्या झाडत असतो. जवान दिवसभर रांगेत उभा असतो. जेवणाची रांग, गरम पाण्याची रांग, फोनची रांग. स्वतःचे मोबाईल पोस्टवर जमा असायचे. घरी बोलायला वेलफेअरचा एकच फोन, तोही माझ्या सेटच्या खोलीत. संध्याकाळी तासभर घरचे त्यावर फोन करू शकत. त्यामुळे कंपनीतल्या सगळ्यांच्या बायकांची भांडणं मला तोंडपाठ होती.

श्रावणी अमावस्येला तो तास रोशनचा असायचा. आमच्याकडे तो मातृदिन. त्या दिवशी आई उपास करते, पिठोरीची पूजा करते आणि खीरपुरीचं वाण डोक्यावर धरून उभी राहते. मागे वळून बघायचं नाही. विचारायचं, "अतीत कोण?" म्हणजे दाराशी पाहुणा कोण आलाय? पाठीमागून मुलानं "मी" म्हणायचं आणि वाण घ्यायचं. मुलं जगावीत म्हणून करायचं व्रत आहे हे. रोशन फौजेत गेल्यावर काकीनं त्यावर तोडगा काढला. पुतणी नंबर लावायची, फोन स्पीकरवर टाकून काकीच्या पाठीमागे पाटावर ठेवायची.

एका वर्षी रोशन फोनमध्ये एवढ्या जोरात "मी! मी! मी!" ओरडला की बाहेरचा संतरी आत डोकावला. हरियाणाचा एक पोरगा रांगेत होता.

"मदर्स डे तो मई में होता है न?"

"वो तुम्हारी मम्मी का," रोशन म्हणाला. "मेरी आई का आज है. और खीर भी आज ही मिलती है."

"फोन से खीर?"

"तू जल मत."

पुढच्या वर्षीची अमावस्या आली. सकाळी निघताना रोशन सेटच्या खोलीत डोकावला. "सहाचा फोन माझा. कुणाला देऊ नको." मी म्हटलं, "नाही देत, बाबा. जा."

पार्टी खाली उतरली. दोन रिपोर्ट ओके आले. तिसरा आलाच नाही. रस्त्याखालून पाण्याची मोरी जाते, ती तपासताना समोरच्या उतारावरून फायर आला.

"कॉन्टॅक्ट, कॉन्टॅक्ट. मोरी के पास. एक कॅजुअल्टी. ओव्हर."

"कौन? ओव्हर."

"रोशन. पेट में. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

मी वर मागणी पाठवली. उत्तर आलं, ढग खाली आहेत, वेट आउट. वेट आउट म्हणजे थांबा, आम्हीच बोलावू. पुन्हा पाठवली. पुन्हा तेच. रस्त्यावर फायर चालू असल्यामुळे गाडीही पुढे सरकत नव्हती. नर्सिंग असिस्टंट रांगत त्याच्यापर्यंत गेला. पोटाच्या जखमेत माणूस लवकर जात नाही. शुद्धीवर असतो, बोलत असतो, पाणी मागतो आणि पाणी द्यायचं नसतं. हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. त्या दिवशी मी ते कानांनी ऐकलं. सेक्शन कमांडरनं बोलण्यासाठी बटण दाबलं की त्याच्या आवाजामागे रोशनचा आवाज यायचा.

मध्येच सेक्शन कमांडर म्हणाला, "रोशन पूछ रहा है, टाइम क्या हुआ. ओव्हर."

मी वेळ सांगितली. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितली. त्यानंतर त्यानं विचारलं नाही. ढग उठले तेव्हा हेलिकॉप्टरनं त्याला नेलं, पण नेलं ते शरीर.

मेजर साहेबांनी आदेश काढला. घरच्यांना खबर बटालियन देईल, तीही ओळख पक्की झाल्यावर. तोवर इथून एक शब्द बाहेर जाता कामा नये. आदेश बरोबरच होता. अर्धवट खबरीनं भलत्याच घरात रडारड झालेली मी पाहिली आहे.

सहाला फोन वाजला. आमचे सुभेदार साहेब मराठीच, साताऱ्याकडचे. खोलीत ते आणि मी.

"उचल," ते म्हणाले. "नाही उचललास तर माउली रात्रभर नंबर फिरवत बसेल. रोशन ड्यूटीवर आहे, एवढंच सांग."

मी उचलला. वाक्य तयार होतं. पण पलीकडून हॅलो आलंच नाही. घंटीचा आवाज आला, मग काकीचा. लांबून आला, म्हणजे ती पाठमोरी उभी होती.

"अतीत कोण?"

ड्यूटीवर आहे, असं त्या प्रश्नाला कसं सांगणार? आणि त्याचं उत्तर मी कसं देणार? ते ज्याचं त्यानंच द्यायचं असतं. त्याचा हक्क मी उचलून घ्यावा, असं माझ्या मनात आलं नाही.

"अतीत कोण?"

सुभेदार साहेब हातानं खुणावत होते, बोल, बोल. पुतणी हळूच म्हणाली, "काकी, लाइन चालू हाय. कुनीतरी हाय तिथं."

"अतीत कोण रं?"

मी फोन ठेवला. नंतर ऐकलं की काकीनं ताट खाली उतरवलं, दिव्यापाशी बसली आणि म्हणाली, "गेला माझा." दुसऱ्या दिवशी पोलिसांचा माणूस निरोप घेऊन दाराशी आला, तेव्हा तिनं त्याला पाणी दिलं. "दमून आलास. मना कालच कललं," म्हणाली.

मी दोन वर्षांनी निवृत्त झालो. कळंबोलीत राहतो, तळोज्यात एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. काकीकडे जातो. तिच्या वाट्याला काय आलं ते डोळ्यांनी बघतो.

मे महिन्यात टॉवरवाल्यांचा मदर्स डे असतो. एके वर्षी त्यांनी वीरमाता म्हणून काकीला स्टेजवर नेलं. शाल, नारळ, पाठीमागे रोशनचा माणसाएवढा फोटो. निवेदिकेनं माइक पुढे केला, "आई, आज तुमच्या मुलाला काय सांगाल?" काकीनं फोटोकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तो मेला हाय. तुमाला म्हाईत नाय का?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या ते देव जाणे. नंतर केक कापला.

हे परक्यांचं झालं. घरच्यांनी तर कमाल केली. थोरली जाऊ तिला म्हणाली, "तुजं व्रत आता बंद कर. पोर गेलेल्या बाईचं वाण आमच्या पोरांना बाधंल." जावेची पोरगी, तीच पुतणी, त्यानंतर कधी आली नाही. काकीनं व्रत सोडलं नाही. दार लावून घेते, वाण डोक्यावर धरते, तीनदा विचारते. उत्तर येत नाही. ताट खाली ठेवते आणि उपाशी झोपते. हे मला शेजारणीकडून कळलं आणि अन्न गोड लागेना.

माझी आई जिवंत आहे. तिला विचारलं, काकीच्या पाठीमागे उभा राहू का? ती म्हणाली, "राहा की. एका पोरावर दोन आया म्हणजे काही चोरी नाही."

यंदा अमावस्येला गेलो. काकीनं मला बघितलं, हाकललं नाही. पूजा झाली. ताट डोक्यावर चढवताना खीर पदरावर सांडली. मी पाठीमागे उभा राहिलो, परेडला राहतात तसा.

"अतीत कोण?"

"मी," मी म्हणालो.

ती वळली नाही.

"वरातीमागून घोडं आनतोस व्हय रं?" ती म्हणाली. "त्या दिशी फोनवर तूच व्हतास. मना तुजा श्वास ऐकू आला व्हता."

"काकी, ऑर्डर होती. खबर द्यायची नव्हती."

"खबर कोन मागत व्हता? एकदा मी म्हनायचं व्हतं. तुजा आवाज का त्याचा आवाज, मी नसतं बघितलं. सकाली पोलीस येयाचाच व्हता. एक रात माझा पोर जिता राहिला असता."

तिनं ताट उतरवून पाटावर ठेवलं. मी पुढे केलेले हात तसेच राहिले.

युनिटच्या स्मारकावर रोशनचं नाव आहे. रेझिंग डेला, म्हणजे युनिटच्या स्थापनादिनी, तिथे पुष्पचक्र ठेवतात, बिगुल वाजतो, सगळे सावधान उभे राहतात. मीही जाऊन उभा राहतो. त्याच्या आईला मात्र त्याची एक रात्र हवी होती, आणि ती त्या संध्याकाळी माझ्या तोंडात होती.