अर्ध्या कपाळावरची नागीण

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कुसाबाई ओट्यावर बसून कडुनिंबाच्या रसात गेरू उगाळत होत्या. समोर पुंजाराम सदरा वर करून बसला होता. त्याच्या कमरेला उजवीकडे फोडांचा पट्टा उठला होता. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू आहेत का, हे कुसाबाईंनी आधी विचारलं. तो हो म्हणाल्यावरच बोट गेरूत बुडवलं.

गेल्या वर्षापर्यंत त्या हे विचारत नसत. नाशिकजवळच्या मखमलाबादमध्ये नागीण उतरवण्याचं काम त्यांच्या सासूकडून त्यांच्याकडे आलं. नागीण कमरेला वेढा घालते, तोंड आणि शेपटी जुळली की माणूस जातो, असं सासूनं शिकवलं होतं. म्हणून गेरूची रेघ ओढून वाट अडवायची. पैसे घ्यायचे नाहीत, आणि लेप असेपर्यंत दुसरं औषध नाही.

मग गेल्या वर्षी नवरा बहिरू यांच्या कपाळावर डाव्या बाजूला फोड आले. कपाळाला वेढा पडत नाही, म्हणजे ही साधी, असं कुसाबाईंनी ठरवलं आणि लेप लावला. बहिरूंनी थट्टाही केली, "गावाच्या हाकलल्या, घरातली मला डसली." नाकाच्या शेंड्यावर फोड आला आणि डोळा लाल झाला, तेव्हा सून योगिनीनं दवाखान्याचं नाव काढलं.

"आत्याबाई, रिक्षा बोलावते."

"शेपटी नाकावर आली, म्हणजे उतरतीय ती. मंगळवारी लेप धुऊ, मग ने."

मंगळवारी बुबुळावर पांढरट जाळं होतं. पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या असत्या तर डोळा वाचण्याची शक्यता बरीच होती, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या डोळ्यानं बहिरूंना आता फक्त उजेड कळतो. आतला दाब वाढतो, ठणका लागतो. ते बायकोला दोष देत नाहीत. थट्टाही करत नाहीत.

लेप बंद का केला नाही, असं विचारलं तर कुसाबाई म्हणतात, "लोक येतात. दारातून कसं परत पाठवू?" चेहऱ्यावरची नागीण मात्र त्या हातात घेत नाहीत. परवा साळूबाई पापणीवरचे फोड घेऊन आली, तिला उंबऱ्यावरूनच दवाखान्यात धाडलं. साळूबाई रागावून दुसऱ्या गावच्या लेप लावणाऱ्याकडे गेली.

उद्या बहिरूंच्या डोळ्याचा दाब मोजायचा आहे. केसपेपरची खिडकी साडेआठला उघडते. सोबत कुसाबाई नाही, योगिनी जाणार आहे.