माझं मशीन अन् तिचा कान

चौथीपर्यंत शिकलो. वायरी जोडायला तेवढं पुरलं. केजकडच्या गावांत वरातीला डीजे लावायचो. आमची घरची टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून यायची. लेकरूबाळ न्हवतं, एकटी घरी बसून काय करणार? लोक म्हणायचे, "बायकू कावून आणली बे संगं, नाचायला?" ती आतूनच म्हणायची, "तुमचं नाचणं बघायला. माकडाचा खेळ सोडून आले."

तिला गाण्यातलं काही कळत न्हवतं. पण आवाज वाढवणाऱ्या मशीनची, म्हंजे अँप्लिफायरची, ताकद संपली की आवाज फाटायला लागतो, ते तिला लगेच ऐकू यायचं. "आवं, चिरकतंय. खाली घ्या." मी मिक्सरचं बटन खाली घ्यायचो. एवढंच आमचं चालायचं.

ह्या धंद्यात लई जणांना वाटतं, मशीन लहान असलं की मोठा स्पीकर जळत न्हाई. साफ खोटं. मशीन स्पीकरपेक्षा थोडं तगडं असावं अन् आवरून चालवावं. दुबळं मशीन ताणलं की आवाजाची टोकं छाटली जातात, सगळी गरमी स्पीकरच्या कॉइलमदी उतरते, अन् वरचा, बारीक आवाज काढणारा बारका भोंगा पहिला मरतो. माझं मशीन दुबळंच होतं. ती होती तवर भागलं.

थंडीत ती गेली. कावीळ अंगात मुरली अन् गेली. लोक म्हणाले, वर्षभर लग्नाची कामं घेऊ नको. मग खाऊ काय? रान न्हाई, दुसरा धंदा येत न्हाई.

युसूफ वडगाव ह्या गावची वरात घेतली. भर दुपारची. टेम्पोवर मशीनजवळ उभा होतो. नवरदेवाचा भाऊ वर चढला. "म्हातारबा, लग्नाला आलाव का मयताला? वाढवा की!" अन् त्यानंच बटन वर सारलं. आवाज छाटला जायला लागला की मशीनवर लाल दिवा लागतो. उन्हात तो पेटलाय का न्हाई तेच दिसंना. मी कान दिला. आवाज चांगला वाटला. म्हणून तसाच राहू दिला.

मारुतीच्या देवळापाशी नाचणारे थांबले. "काय घोगरं वाजतंय बे हे? नुसतं ढब ढब!" दोन्ही भोंगे गेलते. ते थांबले तवा मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सामान घेऊन बीडला गेलो. तिथला मेकॅनिक भाई माझी मशीनं दुरुस्त करतो, मला चाचा म्हणतो. त्यानं भोंगा उघडला. कॉइल काळी ठिक्कर.

"चाचा, हे एका झटक्यात न्हाई जळत. आधी किती चिरकलं असंल. ऐकलं न्हाई?"

"न्हाई."

त्यानं दुकानातल्या स्पीकरवर गाणं लावलं अन् बटन पिळलं. "आता कसं हाय?"

"चांगलं हाय की."

शेजारचा फळवाला कानांवर हात ठेवून ओरडला, "अरे बंद कर बे, किती चिरकतंय! मारतो का लोकांना?"

भाईनं बंद केलं. माझ्याकडं बघितलं न्हाई. "कधीपासून, चाचा?"

काय सांगू? ती सांगायची अन् मी बटन खाली घ्यायचो. माझा कान कधी गेला ते मला कळायचं कामच पडलं न्हाई. तिलाबी कळलं न्हवतं. का कळलं होतं अन् बोलली न्हाई, ते आता कुणाला विचारू?

भाई म्हणाला, "तगडं मशीन घ्या. ताणावं लागणार न्हाई."

"अन् त्याच्यावर कुणी बटन सारलं तर? मग भोंगाच न्हाई, खालचा स्पीकरबी जाईल. मला कोण सांगणार?"



माजलगावची वरात ठरलेली होती. तिथूनच फोन लावला, म्हणलं दुसरा बघा. नवरदेवाचा बाप शिव्या देत होता, मी ऐकून घेतल्या.

भाईनं विचारलं, "मशीन टेम्पोत ठेवू?"

"न्हाई. हितंच राहू दे. कुणी मागितलं तर देऊन टाक. पण घेणाराला सांग, मोठ्या स्पीकरांना हे पुरत न्हाई."