साखळीतला हात

कबड्डीत साखळी म्हणजे दोघांनी एकमेकांचा हात घट्ट धरून चढाईवाल्याला कोंडायचं. माझा साखळीचा जोडीदार विक्रोळीच्या बौद्धवस्तीतला होता. आम्ही दोघंही खेळाच्या जोरावर कारखान्यात लागलो होतो, पण टेम्पररी. मोसम संपला की परमनंट करू, असं साहेबांनी सांगितलं होतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तशी नोकरी म्हणजे चाळीतली खोली, लग्न, सगळंच.

घाटकोपरला अंतिम सामना होता. मध्यंतरात सामने भरवणाऱ्या मंडळाच्या माणसाने आम्हा सहा जणांना पेल्यातून पाणी दिलं. जोडीदाराला म्हणाला, ओंजळ धर, आणि तांब्या हातभर वरून ओतला. आधीच्या दोन सामन्यांतही हेच झालं होतं. आम्ही ते बघत बघत आपापलं पाणी प्यायलो होतो. थू आमच्यावर.

या वेळी त्याने ओंजळ उघडून पाणी मातीत सोडलं आणि मध्यरेषेवर मांडी घालून बसला.

"पेला दे, मग खेळतो."

पंच शिट्ट्या फुंकत राहिले. साहेब खुर्चीतून उठून माझ्याकडे बघायला लागले. मला कुठून अवसान आलं देव जाणे, मी त्याच्याशेजारी बसलो आणि त्याचा हात धरला. बाकीचे पाच उभेच राहिले.

पहिला दगड माझ्या कानावर बसला. मग लोक मंडपाचे बांबू उपसून आत घुसले. जात काढून शिव्या देत त्यांनी त्याला गुरासारखं झोडपलं. तोंडातून रक्त येत होतं, तरी तो उठेना. एकाने आमच्या धरलेल्या हातांवर बांबू उगारला. मला तो दिसला आणि मी हात काढून घेतला. त्याचं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला.

साहेबांना मी सांगितलं, त्याला उठवायला म्हणून बसलो होतो. मला परमनंटचं पत्र मिळालं. मोडक्या मनगटाचा खेळाडू कारखान्याला नको होता.

महिन्याभराने त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने पेल्यातून पाणी आणून दिलं. तो प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसला होता.

"सोडलास ना रे," एवढंच म्हणाला.

लाजेने मला तिथे बसवेना. पाणी तसंच ठेवून मी उठलो. आईने भरलेल्या पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेला उचलून आत गेली. तिला काय वाटलं असेल ते मला रस्त्यावर आल्यावर कळलं. परत जाऊन सांगायची हिंमत झाली नाही.