आवाज पाठवा

मिस्त्रींचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि त्यांची वेबसाइट चालली ती त्या रागाच्याच जोरावर. शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, रस्त्याकडे उघडणारी. मुलाने परगावी नोकरीला जाताना हौसेने त्यांना साइट काढून दिली. 'मशीन बिघडलं? मिस्त्रींना विचारा.' खाली प्रश्न लिहायला एक चौकट. चार दिवस बाबा खेळतील आणि विसरून जातील, असा त्याचा अंदाज होता. झालं भलतंच. कुठून कुठून लोक विचारायला लागले. कुणाचे टाके सुटतात, कुणाचा धागा गोळा होतो, कुणाचा पट्टा घसरतो. मिस्त्री फोन तोंडासमोर धरून बोलायचे, फोन ते लिहून घ्यायचा आणि एक बटण दाबलं की उत्तर साइटवर चढायचं. उत्तर कसलं, खरडपट्टीच ती! 'मशीनला नावं ठेवण्याआधी सुई बदला. आजीची आठवण म्हणून जपून ठेवलीय का?' लोकांना त्याचंच कौतुक. बोलणी खाऊन वर धन्यवाद लिहायचे.

काकू, म्हणजे मिस्त्रींची बायको, आतल्या खोलीतून ओरडायच्या, "अहो, जरा गोडीने घ्या! तो फोनसुद्धा घाबरून चुकीचं लिहितोय." कॉम्प्युटरला मात्र त्यांनी फडकं मारण्यापलीकडे कधी हात लावला नव्हता.

मग एका सकाळी मिस्त्री दुकानातल्या स्टुलावरून कलंडले. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. ऐकू येत होतं, समजत होतं, पण तोंडातून शब्द म्हणून फुटेना. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई यायच्या. भल्या होत्या बिचाऱ्या. कपाचं चित्र, फुलाचं चित्र, मांजराचं चित्र पुढे धरून म्हणायच्या, "काका, म्हणा बघू, कप." मिस्त्री भिंतीकडे तोंड फिरवायचे. ज्याने आयुष्यभर भल्याभल्यांना सुनावलं त्याने आता कप म्हणायचं! कुणी भेटायला आलं की ते सरळ झोपेचं सोंग घ्यायचे. आणि चिडणं तर पार बंदच झालं. काकूंनी धसका घेतला तो त्याचा. भाजीत मीठ जास्त पडू दे, दार आपटू दे, शेजाऱ्याने दुकानाच्या तोंडावर गाडी लावू दे, मिस्त्रींच्या कपाळावर आठी नाही. एवढा शांत नवरा काकूंनी कधी मागितला नव्हता. त्यांना तो नको होता.

साइटवरचे प्रश्न थांबायला तयार नव्हते. फोन टुणटुण वाजत राहायचा.

"आई, साइटची मुदत महिनाअखेर संपतेय," मुलगा फोनवर म्हणाला. "मी काही ती वाढवत नाही. उगाच बाबांच्या जिवाला त्रास."

"थांब जरा. मी बघते काय ते."

"तू? तू काय बघणार?"

"का? मला डोळे नाहीत?"

म्हणाल्या खऱ्या, पण कॉम्प्युटरपुढे बसल्यावर त्यांना दरदरून घाम फुटला. एका बोटाने अक्षर शोधायचं, ते सापडेपर्यंत पुढचं काय लिहायचं होतं ते विसरायचं. माऊस टेबलावरून खाली लोंबायचा आणि पडद्यावरचा बाण कुठल्या कुठे दडी मारून बसायचा. पण काकू चिवट. मिस्त्रींची जुनी उत्तरं सगळी तिथेच आहेत, हे त्यांनी शोधून काढलं. नवा प्रश्न आला की त्याच्या तोंडवळ्याचा जुना हुडकायचा, मिस्त्रींचं उत्तर उचलायचं आणि खाली चिकटवायचं. वर पदरचे दोन खडे बोल. ते काही त्यांना शिकावे लागले नाहीत, संसारभर कानांवर पडतच होते.

कुणाला शंकाही आली नाही. लोक पूर्वीसारखेच धन्यवाद म्हणू लागले. काकू पलंगाशी बसून प्रत्येक प्रश्न आणि उत्तर मिस्त्रींना मोठ्याने वाचून दाखवायच्या. ते छताकडे बघत पडून राहायचे. बघू देत. साइट चालू आहे तोवर मिस्त्री आहेत, असं काकूंनी मनाशी घट्ट धरून ठेवलं होतं.

अशात एका बाईचा प्रश्न आला. ती शाळेचे गणवेश शिवून द्यायची. तिच्या मशीनचे टाके सुटत होते. काकूंनी जुनं उत्तर शोधलं: 'सुई उलटी लावलीत. काढा आणि फिरवून लावा. या वेळी डोळे उघडे ठेवून.' वा, चपखल! लगेच चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी चौकटीत आलं:

'दादा, तुम्ही म्हणालात म्हणून सुई फिरवून लावली. मशीन चालवल्याबरोबर ती मोडली. नवी घातली तरी मशीन अडकतंय. शाळा उघडायला आठवडा राहिलाय, कपड्यांचा ढीग तसाच पडून आहे. तुमचं उत्तर कधी चुकायचं नाही. हल्ली प्रश्न वाचता तरी का?'

काकूंनी घाईघाईने जुनं उत्तर पुन्हा काढलं. ते दुसऱ्याच बनावटीच्या मशीनसाठी होतं. वर स्पष्ट लिहिलेलं होतं, काकूंनी वाचलंच नव्हतं. कुणाचं तरी पोटापाण्याचं मशीन आपण बंद पाडलं, तेही मिस्त्रींच्या नावावर. हे त्यांना वाचून दाखवूच नये, असं क्षणभर वाटलं. मग त्या उठल्या, पलंगाशी गेल्या आणि त्या बाईचे दोन्ही प्रश्न, मधलं आपलं उत्तर, सगळं वाचलं. काही लपवलं नाही.

मिस्त्रींची नजर छतावरून खाली आली. चेहरा लाल झाला. डावी मूठ अशी आदळली की उशाशी ठेवलेला पेला खाली गडगडत गेला. घशातून नुसताच घुसमटलेला आवाज येत होता आणि डोळे काकूंना भाजून काढत होते.

"चिडलात?" काकू म्हणाल्या. त्यांचा विश्वास बसेना. "अहो, तुम्ही चिडलात! चिडा, चांगले चिडा. घोडचूकच केलीय मी."

मिस्त्रींनी पुढच्या खोलीकडे हात केला. काकूंनी आधार दिला आणि कित्येक आठवड्यांनी ते दुकानातल्या स्टुलावर टेकले. समोर दुरुस्तीला आलेलं एक मशीन तसंच होतं. मिस्त्रींनी हात कानाशी नेला, मग मशीनकडे दाखवलं, पुन्हा कानाशी नेला.

"ऐकायचंय? तिच्या मशीनचा आवाज?"

त्यांनी मान डोलावली.

आवाज नुसताही मागवता आला असता. पण काकूंना आता दुसऱ्याचं तोंड लावून बोलायचा वीट आला होता. त्या स्टुलाशेजारच्या कॉम्प्युटरपुढे बसल्या आणि एकेक अक्षर वेचत लिहून काढलं. मग मिस्त्रींना वाचून दाखवलं:

'ताई, ते उत्तर मिस्त्रींचं नव्हतं, माझं होतं. मी त्यांची बायको. त्यांची वाचा गेली आहे, म्हणून मीच लिहीत होते. चूक माझी आहे, मला माफ करा. त्यांचे कान शाबूत आहेत. मशीनचं चाक हाताने फिरवा आणि खालच्या नंबरवर आवाज पाठवा.'

"हे सगळ्यांना दिसेल," काकू हळूच म्हणाल्या. "पाठवू?"

मिस्त्री बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले. शेजारीपाजारी आले की डोळे मिटून घेणारा माणूस तो. मग त्यांचा डावा हात पुढे आला. माऊस निसटला, बाण कोपऱ्यात पळाला, परत आला, बटणाच्या बाजूने निघून गेला. मदत करायला काकूंचे हात शिवशिवत होते, पण त्यांनी ते मांडीखाली दाबून ठेवले. शेवटी टिक वाजली. उत्तर गेलं.

थोड्याच वेळात मुलाचा फोन. "आई, हे काय लिहिलंस चारचौघांत? बाबांना काय वाटेल?"

"लिहिलं मी. पाठवलं बाबांनी. स्वतःच्या हाताने."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं. "बरं," तो म्हणाला, "मुदत वाढवतो."

दुपारी आवाज आला. खर्र, खर्र, टक. खर्र, खर्र, टक. मिस्त्रींनी डोळे मिटले. काकूंनी परत लावला, परत लावला. मग मिस्त्रींनी समोरच्या मशीनची खालची पत्र्याची झडप सरकवली आणि आतल्या शटलवर, म्हणजे खालचा धागा फिरवणाऱ्या भागावर, बोट ठेवलं. दोन बोटांची चिमूट करून तिथून काहीतरी बारीक उपसल्यासारखं केलं.

"धागा?"

नाही.

"कापडाचा गुंता?"

नाही! मिस्त्रींनी डबीतली एक सुई उचलली आणि तिचं टोक काकूंच्या नाकापुढे नाचवलं.

"मोडलेल्या सुईचं टोक! ते आत अडकलंय!"

मिस्त्रींनी एक लांब उसासा सोडला. त्याचा अर्थ काकूंना पाठ होता: उजेड पडला एकदाचा. त्यांनी शटलवरच्या बोटाचा फोटो काढला. पहिला हलला, दुसऱ्यात स्वतःचाच अंगठा आला, तिसरा जमला. तो पाठवला आणि खाली लिहिलं, 'इथे बघा.'

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला शिलाईवालीचा निरोप आला. टोक सापडलं होतं. सोबत चालत्या मशीनचा आवाज होता, न अडखळता धावणारा, आणि मागून तिचं हसणं. काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी फोन मिस्त्रींच्या कानाशी धरला आणि आता ते हसतील म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

मिस्त्री हसले नाहीत. त्यांच्या कपाळावर आठी चढली. ओठ हलले, वाकडे झाले, पुन्हा जुळले.

"त… ते… तेल."

काकूंच्या हातून फोन पडता पडता राहिला. "काय म्हणालात?"

"तेल!" मिस्त्री फोनकडे बोट दाखवत म्हणाले, चांगले वैतागून. मशीन कोरडं चाललं होतं, आणि ते त्यांना सहन होत नव्हतं.

काकू मटकन खाली बसल्या. रडू की हसू, काही सुचेना. त्यांनी मिस्त्रींचा हात दोन्ही हातांत धरला. "आणि मी हो? मी कोण? माझं नाव घ्या बघू."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले. सगळा जीव ओठांशी आणून त्यांनी जोर लावला, काकूंची बोटं घट्ट आवळली, आणि अगदी हळू, कधी नव्हे इतक्या मायेने म्हणाले,

"तेल."

"चालेल," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "आजपासून माझं नाव तेल."