डिकीतली शेगडी

माझी आत्या आंधळी, बहिरी आणि परावलंबी आहे, असं मी एकदा सही करून लिहून दिलं होतं. आत्याची तब्येत त्या वेळी उत्तम होती. माझी नंतर बिघडली.

सुशीलाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं ऑपरेटर होती. लग्न केलं नाही. ("अर्ध्या पुण्यातले नवरा-बायको फोनवर ऐकलेत मी," हे तिचं कारण.) निवृत्त झाल्यावर ती येरवड्याला आमच्याकडे राहायला आली, पण अट घालून आली.

"चूल माझी वेगळी. दुसऱ्याच्या ओट्यावर माझा हात चालत नाही आणि माझ्या ओट्यावर दुसऱ्याचा मी चालू देत नाही."

वडिलांनी घराच्या मागे कंपाउंडमध्ये तिला एक खोली बांधून दिली. ओटा, मोरी, स्वतंत्र दार, दाराला स्वतंत्र बेल. पुढे वडील गेले. खोली, आत्या आणि अट तिन्ही राहिल्या.

तोवर मी सॉफ्टवेअरमध्ये शिरलो होतो. दोन हजार साली सगळे कॉम्प्युटर बंद पडणार ही धास्ती होऊन गेली होती आणि पुण्यात ज्याला त्याला अमेरिकेतून कामं येत होती. तिकडचा साहेब उठला की आमचा दिवस सुरू व्हायचा. माझी बायको वंदनाही याच धंद्यात. आम्ही दोघं मिळून वर्षातून दोनदा स्वयंपाक करायचो, आणि त्यातला एक चहा असायचा. बाकीच्या वेळी जेवण मागच्या खोलीत. आमची मुलगी तर शाळेतून आली की थेट मागच्याच दाराने शिरायची. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की, आपण कुणाकडे जेवतो, याचा मी कधी विचारच केला नव्हता. घडलं ते सगळं या न केलेल्या विचारामुळे.

एके वर्षी घरपट्टीची दोन बिलं आली. एक घराचं. दुसरं मागच्या खोलीचं, आणि त्यावर "भाड्याने दिलेली" असा शेरा. मी तणतणत वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथले कारकून डबा खाऊन नुकतेच बसले होते.

"अहो, तिथे माझी आत्या राहते."

"चूल वेगळी आहे?"

"आहे."

"चूल वेगळी, म्हणजे घर वेगळं. घर वेगळं, म्हणजे राहणारा वेगळा. म्हणजे भाडेकरू."

"पण ती माझी सख्खी आत्या आहे."

"ती तुमची. आमच्याकडे आत्याचा रकाना नाही."

मग त्यांना माझी दया आली असावी. घरातलं वृद्ध माणूस, तुमच्यावर अवलंबून, तुमच्याच चुलीवर जेवतं, असं लिहून द्या, म्हणाले. एकच घर धरून सवलत मिळेल. शनिवारी तपासणीला माणूस येईल.

आता माझं दुखणं असं, की अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी मी दोनदोनशे पानांचे दस्तऐवज लिहायचो आणि ते कुणीही वाचत नसे. इथे पहिल्यांदा वाचक मिळाला होता. मी लेखणी मोकळी सोडली. "सदर वृद्धेची दृष्टी अंधुक असून श्रवणशक्ती क्षीण झाली आहे. ती सर्वस्वी अर्जदारावर अवलंबून आहे. अर्जदार तिला दोन वेळचे अन्न स्वतःच्या हाताने पुरवितो."

वंदनाने वाचलं. "स्वतःच्या हाताने? तुला स्वतःच्या हाताने नळ बंद करता येत नाही."

"अगं, सरकारी भाषा असते ती."

"आत्यांना दाखवलंस?"

"तिला कशाला उगाच त्रास?" असं मी म्हणालो. खरं कारण असं, की मला आत्याची भीती वाटते. तेव्हाही वाटायची.

शनिवारी सकाळी मी आत्याकडे गेलो आणि झुरळांच्या औषधाची फवारणी आहे, ओट्यावरचं सगळं तासाभरासाठी हलवावं लागेल, अशी थाप मारली.

"माझ्याकडे झुरळ नाही," आत्या म्हणाली. "तुझ्याकडे आहेत. तिकडे फवार."

"दोन्हीकडे करायचंय."

"मी कणीक मळून ठेवलीय. साडेबाराला पोरगी जेवायला येईल. त्याआधी शेगडी जागेवर पाहिजे."

शेगडी उचलून मी आमच्या स्वयंपाकघरात आणली. तिथे ठेवायला जागा नव्हती, कारण ओट्यावर कॉम्प्युटर होता. (टेलिफोनची तार स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत यायची. तार हलवण्यापेक्षा आम्ही स्वयंपाक हलवला होता.) शेवटी शेगडी गाडीच्या डिकीत टाकली. आत्याचं सिलिंडर आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभं करून त्यावर फुलांची चादर पांघरली. बसायचं स्टूल वाटत होतं. मी स्वतःवर खूश झालो.

अकराला साळुंखे नावाचे गृहस्थ आले. काटकुळे, खांद्याला कापडी पिशवी, चेहऱ्यावर काही नाही. आधी मागची खोली. आत्याने "जय भीम, या," म्हणून खुर्ची पुढे केली. तिला वाटलं, फवारणीवाला. साळुंख्यांनी ओटा पाहिला. भिंतीवर फोडणीचे डाग होते आणि ओट्याच्या मधोमध शेगडीच्या पायांचे चार ठसे.

"इथे काय असतं?"

"आत्या इथे कपड्यांना इस्त्री करते," मी म्हणालो.

"इस्त्रीला चार पाय?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. साळुंख्यांनी आपलं नाव आणि काम सांगून पिशवीतून माझा अर्ज काढला. वृद्ध व्यक्तीला अर्ज वाचून दाखवायचा असतो, असं म्हणाले आणि श्रवणशक्ती क्षीण असल्यामुळे त्यांनी तो गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचला. आंधळी, बहिरी, परावलंबी, हाताने भरवलेली आत्या खुर्चीच्या पाठीला धरून शांत उभी होती.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.

त्यांनी आणखी मोठ्याने वाचला.

"ओरडू नका. मला पहिल्याच वेळी ऐकू आलं. दुसऱ्यांदा याला ऐकवायचं होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरले होते. तिच्या आईने दुसऱ्यांच्या घरी राबून तिला मॅट्रिक केलं होतं. घराण्यातली पगार आणणारी ती पहिली बाई. आणि मी बिलापायी तिला कागदावर माझ्या हातचं खायला लावलं होतं. मला लाज वाटली.

"मी आजच सोलापूरला विमलकडे जाते," आत्या म्हणाली. विमल तिची एक्स्चेंजमधली मैत्रीण. "तिच्याकडे कागदावर तरी धडधाकट असेन." आणि ती पलंगाखालची बॅग ओढायला लागली.

"आत्या, अगं, ऐक तरी..."

"मला ऐकू कमी येतं," ती म्हणाली.

साळुंखे घसा खाकरून म्हणाले, "मला कुटुंबात पडायचं नाही. तुमची चूल दाखवा."

पुढच्या स्वयंपाकघरात वंदना कॉम्प्युटरसमोर उभी होती, म्हणजे ओट्यासमोर. साळुंख्यांनी आमची शेगडी शोधली. ती माळ्यावर होती, खोक्यात. त्यांनी फ्रीज उघडला. त्यात सॉसच्या पुड्या आणि एक बॅटरी. मग मसाल्याचा डबा उघडून त्यांनी एका वाटीतलं काहीतरी चिमटीत धरलं.

"हे काय?"

"कॉम्प्युटरच्या माऊसमधले रबरी गोळे," मी म्हणालो. "साफ करायला काढलेत."

ते बराच वेळ वहीत लिहीत होते. मग म्हणाले, "ओट्यावर कॉम्प्युटर, डब्यात सुटे भाग, चूल नाही. साहेब, हे राहतं घर नाही. हे ऑफिस आहे. व्यापारी दर लागेल."

"म्हणजे किती?" वंदनाने विचारलं.

त्यांनी सांगितलं. वंदना मटकन खाली बसली, फुलांच्या चादरीवर. टण्ण असा आवाज झाला, चादर घसरली आणि आत्याचं लाल सिलिंडर जगासमोर आलं.

"याची शेगडी कुठे आहे?" साळुंख्यांनी विचारलं.

"आत्ता ना," मी म्हणालो, "गाडीच्या डिकीत."

आयुष्यात मी इतकं खरं आणि इतकं मूर्खासारखं वाक्य दुसरं बोललेलो नाही. साळुंख्यांनी तेही लिहून घेतलं.

एव्हाना मागच्या खोलीची किल्ली द्यायला आत्या दारात आली होती. हातात बॅग. आमच्या स्वयंपाकघरात ती वर्षानुवर्षं आली नव्हती, दुसऱ्याचा ओटा म्हणून. तिने तो आता नीट पाहिला. मग माळा पाहिला, फ्रीज पाहिला, मसाल्याच्या डब्यातले गोळे पाहिले.

"मी सोलापूरला गेले तर पोरगी काय खाणार?" तिने वंदनाला विचारलं. "हे?"

वंदनाने मसाल्याचा डबा बंद केला. आत्याने बॅग ठेवली आणि पदर खोचला.

"साळुंखे, लिहून घ्या." हा तिचा एक्स्चेंजमधला आवाज होता. या आवाजापुढे मोठमोठे साहेब नंबर नीट सांगायला लागायचे. "घर एक. चूल एक. चूल माझी. ही तिघं माझ्याकडे जेवतात."

"पण बाई, तुमची चूल वेगळी आहे."

"वेगळी कुणापासून? यांच्याकडे चूल आहे कुठे?"

साळुंखे थांबले. त्यांनी वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली. एक चूल, एक घर. नियमात बसत होतं. "पण अर्जात तुम्ही यांच्यावर अवलंबून आहात," ते म्हणाले.

"आणा तो इकडे."

आत्याने माझ्या खिशातलं पेन काढलं. अर्जात जिथे जिथे तिचं नाव होतं तिथे माझं लिहिलं, माझं होतं तिथे तिचं. वय तेवढं बदललं, बाकी एका शब्दाला हात लावला नाही. दृष्टी अंधुक, श्रवणशक्ती क्षीण, सर्वस्वी अवलंबून, वय एक्केचाळीस.

"श्रवणशक्तीचं काय?" साळुंख्यांनी विचारलं.

"मी दहा वर्षं सांगतेय," वंदना म्हणाली. "यांना ऐकूच जात नाही."

मी डिकीतून शेगडी काढून आणली. साडेबाराला पोरगी आली तेव्हा पोळी तव्यावर होती. साळुंखेही जेवून गेले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काळजी घ्या." परावलंबी माणसाशी बोलतात तसे बोलले.

सवलत मिळाली. आत्या राहिली, तीही अट घालून. त्या सवलतीसाठी दर वर्षी नवा अर्ज द्यावा लागायचा, आणि तो मी देण्याआधी तिच्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचायचा. मी वाचायचो. माझी दृष्टी अंधुक आहे, माझी श्रवणशक्ती क्षीण आहे, मी सर्वस्वी आत्यावर अवलंबून आहे. ती पोळ्या लाटत ऐकायची, मधे "जरा स्पष्ट" म्हणायची, आणि मग पीठ झटकून सही करायची.

चार वर्षांनी मला वाटलं, आता पुरे. मी माळ्यावरची शेगडी खाली काढली, महिनाभर वंदनाकडून गुपचूप शिकलो (ती पुस्तकात बघून शिकवत होती), आणि अर्जाच्या दिवशी ताटात वरणभात वाढून मागच्या खोलीत घेऊन गेलो.

"आत्या, मी केलाय. स्वतःच्या हाताने. यंदा तो 'सर्वस्वी' शब्द काढू या का?"

आत्याने एक घास घेतला. सावकाश चावला. पाणी प्यायली. मग ताट बाजूला सारून अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि पेनासाठी हात पुढे केला.

"वाच," ती म्हणाली. "आहे तसाच."